पाचव्या चौकटीत माणूस नको

आमच्या कारखान्यात एखादा पीस रिजेक्ट झाला की त्याच्याबरोबर एक कागद निघतो. वर पार्ट नंबर, तारीख, शिफ्ट, मशीन. खाली एकाखाली एक पाच रिकाम्या चौकटी आणि प्रत्येकीच्या डाव्या बाजूला एकच शब्द छापलेला: का? बंगळुरूहून म्हैसूरकडे निघाले की केंगेरीच्या पुढे बिडदी लागते. तिथे मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटी विभागात काम करते. या पाच चौकटी भरणे, आणि इतरांनी घाईने भरलेल्या चौकटी खोडून पुन्हा भरून घेणे, यातच माझी बरीचशी नोकरी झाली आहे.

बिडदीला ही पद्धत टोयोटाबरोबर आली. 1997 साली टोयोटा आणि किर्लोस्कर यांची भागीदारीतली कंपनी इथे स्थापन झाली, 1999च्या अखेरीस क्वालिसचे उत्पादन सुरू झाले आणि त्या मोठ्या कारखान्याच्या आसपास माल पुरवणारे लहानमोठे कारखाने उभे राहत गेले. माझे माहेर पलूसचे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली माळरानावर वसवलेली किर्लोस्करवाडी आमच्याच तालुक्यात. त्यामुळे बिडदीच्या रस्त्यावर ते नाव पाटीवर पाहिले तेव्हा कानडी मुलुखात एक ओळखीचा माणूस भेटल्यासारखे झाले होते.

पाच वेळा ‘का’ विचारायची ही शिस्त टोयोटाचे ताईची ओनो यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी दिलेले उदाहरण आमच्याकडे नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतात. मशीन बंद का पडले? भार जास्त झाला आणि फ्यूज उडाला. भार का वाढला? बेअरिंगला पुरेसे वंगण मिळत नव्हते. का मिळत नव्हते? वंगणाचा पंप नीट खेचत नव्हता. का? पंपाचा शाफ्ट झिजला होता. तो का झिजला? पंपाला गाळणी नव्हती, त्यामुळे धातूचा कीस आत जात होता. पहिल्या उत्तरावर थांबलात तर फ्यूज बदलाल आणि तो पुन्हा उडेल. पाचव्यापर्यंत गेलात तर गाळणी बसवाल.

आमच्याकडचे जे जपानी सल्लागार होते ते या कागदाबाबत एका गोष्टीत फार कडक होते. पाचव्या चौकटीत माणूस आलेला त्यांना चालत नसे. ‘ऑपरेटरचे दुर्लक्ष’ असे कुणी लिहिले की कागद परत. ऑपरेटर चुकला असेल, पण त्याला चुकता येईल अशी व्यवस्था कशी राहिली ते लिहा, म्हणजे काहीतरी बसवता येईल, असे ते शांतपणे सांगत. पीस उलटा बसू शकत असेल तर फिक्स्चरला पिन लावा. दोन इन्सर्ट सारखे दिसत असतील तर वेगळ्या रंगाच्या डब्यात ठेवा. माणसाला ‘लक्ष दे’ एवढेच सांगून रिजेक्शन कमी झालेले मी नोकरीत कधी पाहिलेले नाही.

हा कागद मी घरी नेला तो रविवारच्या संध्याकाळींमुळे. रविवारी दुपार कलली की माझ्या छातीवर दडपण यायला लागे. मुलीशी बोलताना शब्द तुटत, स्वयंपाकात मन लागत नसे, रात्री झोप उशिरा येई. कारखान्यात उपयोगी पडते ते इथे का पडू नये, म्हणून एका वहीत पाच चौकटी आखल्या. दडपण का येते? उद्या सोमवार. सोमवारचे काय? सकाळच्या मीटिंगमध्ये आकडे मांडायचे असतात. त्याची भीती का? आकडे वाईट असतील. ते वाईट असले तर मला का लागते? मी कमी पडते असे वाटते. का वाटते? मी आहेच तशी, लहानपणापासून भित्री.

पाचव्या चौकटीत मीच येऊन बसले होते. असा कागद मशीनवरच्या एखाद्या पोराने लिहून आणला असता तर मी तो सही न करता परत दिला असता. आणि स्वतःबद्दल लिहिताना मात्र हेच उत्तर खोल, प्रामाणिक वाटत होते. मला वाटते, स्वतःकडे पाहायला बसणाऱ्या बहुतेकांचे पाऊल इथेच अडते. ‘मी असा का?’ हा प्रश्न विचारल्याबरोबर मनात एक तर फिर्यादी उभा राहतो, नाही तर वकील. एक म्हणतो, तुझा स्वभावच वाईट. दुसरा म्हणतो, तुझे काय चुकले, लोकच तसे. दोघांकडेही निरीक्षण नसते.

पुढे वाचताना याला आधार सापडला. रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांचा 1977 सालचा एक लेख प्रसिद्ध आहे. त्यांनी एका दुकानात टेबलावर नायलॉनच्या मोज्यांच्या चार जोड्या ओळीने मांडल्या आणि येणाऱ्यांना विचारले, यातली सर्वांत चांगली कोणती? चारही जोड्या तंतोतंत सारख्या होत्या. तरी लोकांचा कौल मोठ्या प्रमाणात सर्वांत उजवीकडच्या जोडीकडे गेला. ही का निवडली असे विचारल्यावर लोकांनी कारणे दिली, पण जागेचा उल्लेख एकानेही केला नाही. त्यांना कुणी खोटे बोलायला सांगितले नव्हते. आपल्या वागण्याचे कारण आपल्याला आतून दिसते असे वाटते, आणि पुष्कळदा आपण ते तिथल्या तिथे रचत असतो. मोज्यांबद्दल हे घडते, तर रागाबद्दल, भीतीबद्दल, सवयींबद्दल किती घडत असेल!

ओनो यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगतात. नव्या इंजिनियरसाठी ते कारखान्याच्या जमिनीवर खडूने वर्तुळ काढत, त्याला आत उभे करत आणि सांगत, इथून बघ. तासन्‌तास. कारण शोधू नकोस, सुचवू नकोस, आधी जे चालले आहे ते बघ. आमच्याकडे खडूचे वर्तुळ नव्हते, पण दोन मशीनच्या मधल्या पिवळ्या पट्टीवर हातात वही घेऊन मीही उभी राहिले आहे. पाच ‘का’ विचारण्याचा अधिकार त्या उभे राहण्यातून येतो. बघितल्याशिवाय विचारलेला ‘का’ टेबलावर बसून लिहिलेल्या रिपोर्टसारखा पोकळ असतो, हे मला कामावर पक्के ठाऊक होते. स्वतःच्या बाबतीत मी ते बघणेच गाळले होते.

मग वहीतले प्रश्न बदलले. केव्हा सुरू झाले? मी कुठे होते? त्याआधी नेमके काय घडले? अंगात कुठे काय जाणवले? मग मी काय केले, आणि त्याने काय मिळाले? ज्यांचे उत्तर डोळ्यांनी पाहून देता येईल एवढेच प्रश्न ठेवले. ‘वाईट वाटले’ हा शब्द स्वतःला लिहू दिला नाही, कारण आमच्या तपासणीच्या कागदावर ‘पीस खराब’ असे लिहिलेले चालत नाही. मापात किती, कोणत्या बाजूने, हे लिहावे लागते. तसेच इथे: जबडा आवळला, हात गार पडले, बोलताना वाक्य अर्धे सोडले.

काही रविवार लिहिल्यावर वहीत जे दिसले ते मला कोणत्याही चिंतनातून कळले नसते. दडपण सोमवारच्या विचाराने येत नव्हते. ते साधारण चारच्या सुमारास येत होते. रविवारी चालू असेल तर दुसरी शिफ्ट तेव्हा स्थिरावलेली असते आणि लाइनच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रिजेक्ट पीसचे फोटो पडू लागतात. ज्या रविवारी प्लांट बंद होता, त्या रविवारी वहीचे पान कोरे होते. सोमवार तर त्याही आठवड्यात आला होता! म्हणजे मी ‘लहानपणापासून भित्री’ असल्याचा इथे काही संबंध नव्हता. गाळणी हवी होती, ती बसवली. रविवारी गट बंद ठेवायचा, लाइन खरोखर थांबली तर शिफ्ट इंजिनियरने फोन करायचा, एवढे आम्ही आपसांत ठरवले. दडपण समूळ गेले असे म्हणणार नाही. पण ते कुठून येते ते आता माहीत आहे, आणि माहीत असलेल्या गोष्टीची भीती वेगळ्या मापाची असते.

हे सगळे माझ्यापुरतेच राहिले असते. पण आमच्या सीएनसी लाइनवर निपाणीचा एक मुलगा होता. आयटीआय झालेला, हात फार चांगला. मी मराठी बोलते हे कळल्यापासून इतरांसारखे ‘मॅडम’ न म्हणता ‘ताई’ म्हणू लागला. निपाणीचा म्हणजे तंबाखूच्या गावचा. खिशात पुडी आणि चुन्याची डबी कायम. एकदा बससाठी थांबलो असताना आपण होऊन म्हणाला, “ताई, तंबाखू सुटंना झालीया. पण का खातोस म्हणून इचारू नका. घरात समदी त्येच इचारत्यात.”

मी ते विचारलेच नाही. पहिला बार कितीला भरतोस एवढेच विचारले. त्याला सांगता येईना. जेवणानंतर, आणि दमल्यावर, असे तो म्हणाला. मग आम्ही ठरवले की बंद करायची घाई नको, आधी बघायचे. तपासणीच्या रद्द कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर तो वेळ लिहू लागला: किती वाजले, कुठे उभा होतो, त्याआधी काय केले. बार भरायला मनाई नव्हती, फक्त आधी लिहायचे.

ते कागद पाहून तोच चकित झाला. जेवणानंतरचा एक बार होता, पण दिवसातले पुष्कळसे बार फर्स्ट पीस अप्रूव्हलच्या वेळचे होते. सेटिंग बदलले की ऑपरेटर पहिला पीस काढतो, तो क्वालिटीच्या खोलीत जातो आणि तिथून हिरवी चिठ्ठी येईपर्यंत मशीन थांबलेले असते. ऑपरेटर नुसता उभा. त्या उभ्या वेळात याचा हात खिशात जात होता. तेव्हा अंगात काय होते, असे विचारले तर थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, “पोटात गोळा येतोय. पीस नापास झाला तर सगळ्यांसमोर नाव निघंल म्हणून.” दमण्याचा यात काही भाग नव्हता. ते परीक्षेच्या निकालाबाहेर उभे राहणे होते, दिवसातून कितीतरी वेळा.

पुढचे काम माझ्या विभागातले होते. पीस शिपायाबरोबर न पाठवता ऑपरेटरने स्वतः घेऊन यावा, मोजताना शेजारी उभे राहून मायक्रोमीटरचे वाचन पाहावे, अशी मुभा दिली. याने अप्रूव्हलचा वेळ वाढेल अशी शंका होती, पण तो कमीच झाला, कारण दोष दिसला की ऑपरेटर तिथूनच ऑफसेट ठरवून परत जाई. त्या मुलाचे थांबण्याच्या वेळचे बार पुष्कळ कमी झाले. जेवणानंतरचा आणि रात्री खोलीवरचा मात्र हटेना. त्यासाठी त्याने 2018 पासून तंबाखूच्या पुड्यांवर छापला जाणारा 1800-11-2356 हा क्रमांक लावला. तिथल्या समुपदेशकाला सांगायला त्याच्याकडे ‘मला व्यसन आहे’ एवढेच वाक्य नव्हते, तर कागदांचा गठ्ठा होता. नंतर तो होसूरला दुसऱ्या नोकरीवर गेला. शेवटचे बोललो तेव्हा रात्रीचा एक बार उरला होता.

त्या जपानी सल्लागारांकडूनच मी नाइकानचे नाव ऐकले. नव्या पार्टचे उत्पादन उत्तम सुरू झाले तरी ते हान्सेईची बैठक घ्यायला लावत. यश मिळाले असले तरी कुठे उणे राहिले ते प्रत्येकाने स्वतःचे सांगायचे. अशा एका बैठकीनंतर त्यांनी इशिन योशिमोतो या गृहस्थांबद्दल सांगितले. योशिमोतो (1916–1988) हे व्यवसायाने उद्योजक होते. बौद्ध परंपरेतल्या एका कठोर साधनेतून त्यांनी कुणालाही करता येईल अशी नाइकान ही पद्धत घडवली. माणसाने आठवडाभर पडद्याआड बसायचे आणि आईपासून सुरुवात करून एकेका व्यक्तीबद्दल तीनच प्रश्न स्वतःला विचारायचे: या व्यक्तीकडून मला काय मिळाले? मी तिला काय दिले? माझ्यामुळे तिला कोणता त्रास झाला? त्या व्यक्तीमुळे मला काय त्रास झाला, हा चौथा प्रश्न मुद्दाम वगळलेला आहे, कारण तो विचारायला आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. ही पद्धत जपानच्या तुरुंगांतही वापरली गेली.

यातले मला जे फार आवडले ते म्हणजे उत्तर नेमके लागते. ‘आईने प्रेम दिले’ हे उत्तर नव्हे. मी पॉलिटेक्निकला सांगलीला जात होते तेव्हा पहाटेच्या गाडीसाठी आई अंधारात उठून भाकरी करत असे आणि डब्यात लसणाची चटणी वेगळ्या कागदात बांधून देत असे, हे उत्तर. हे लिहिताना मी पहिल्यांदा हिशेब केला की ती झोपत किती वेळ असेल.

तरीही एका बाबतीत माझे योशिमोतोंशी जमत नाही. त्यांच्या पद्धतीत सर्वांत जास्त वेळ तिसऱ्या प्रश्नाला द्यायचा असतो. आमच्या लाइनवर असेंब्लीला ज्या बायका आहेत, रामनगर आणि मागडी भागातून पहाटे निघून येणाऱ्या, त्यांना हा प्रश्न नव्याने विचारायची गरज नाही. तुझ्यामुळे घराला काय त्रास झाला हे त्या लग्नापासून ऐकत आल्या आहेत. त्यांच्यापैकी काहींशी दुसऱ्या प्रश्नावर बोलले, दिवसभरात तू कुणाला काय दिलेस, तर त्यांना बोटांवर मोजताना बोटे पुरेनात, आणि एकजण मोजता मोजता रडू लागली. माझ्या मते प्रश्न सगळ्यांना सारखे नसतात. ज्याला सतत हक्कच दिसतो त्याने तिसरा प्रश्न घ्यावा. ज्याला सतत अपराधच वाटतो त्याने दुसरा घ्यावा, आणि चौथाही उघड विचारावा.

मराठीत या वाटेवर चालणाऱ्यांना अल्बर्ट एलिस अनोळखी नाहीत. 1950च्या दशकात त्यांनी मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती किशोर फडके, अंजली जोशी यांच्या लेखनातून मराठी घरांत पोचली आहे. एलिस यांचा एक प्रश्न मी माझ्या वहीत कायमचा ठेवला आहे: घटना घडली आणि भावना उसळली, त्या दोहोंच्या मध्ये मी स्वतःशी काय बोलले? ग्राहकाची तक्रार आली, ही घटना. हात गार पडले, हा परिणाम. मधले वाक्य होते, ‘माझ्या विभागाबद्दल एकही तक्रार येताच कामा नये.’ हे वाक्य कागदावर आणले तेव्हा दिसले की असे कोणत्याही कारखान्यात कधी घडलेले नाही आणि तसे कुणी माझ्याकडे मागितलेलेही नाही.

आता एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. प्रश्न विचारणे आणि तोच विषय मनात घोळवत बसणे यांच्यात सीमा आहे. सुसान नोलेन-होक्सेमा या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवले की उदास मनाने ‘माझे असे का होते’ हे पुन्हा पुन्हा घोळवत राहिले तर उदासी लांबते. माझी खूण साधी आहे. वहीत नवे निरीक्षण येत असेल तर लिहावे. तेच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत येऊ लागले की वही मिटावी आणि माणसाकडे जावे. आमच्या विभागातल्या एका सहकाऱ्याचे असेच झाले. तो माझ्याहून शिस्तीने लिहीत होता, पण पानोपानी एकच मजकूर होता: मी निरुपयोगी आहे. झोप गेली होती, वजन उतरले होते. त्याच्या पत्नीबरोबर मी त्याला बंगळुरूत होसूर रस्त्यावरच्या निम्हान्समध्ये घेऊन गेले. देशात मानसिक आरोग्याची एवढी मोठी संस्था आपल्या शहरात असून तिथे जायला लोक कचरतात, याचे मला फार वाईट वाटते. तिथल्या डॉक्टरांनी त्याला जे विचारले ते झोपेबद्दल, भुकेबद्दल, सकाळ आणि संध्याकाळ यांतल्या फरकाबद्दल होते. केव्हा, किती, कसे. औषधे सुरू झाली आणि काही महिन्यांनी तो कामावर परतला. त्या काळात त्याला स्वतःबद्दलच्या आणखी प्रश्नांची गरज नव्हती, उपचारांची होती. ज्यांना निम्हान्सपर्यंत जाणे शक्य नाही त्यांच्यासाठी 10 ऑक्टोबर 2022 पासून टेलि-मानस ही सरकारी सेवा चालू आहे. क्रमांक 14416, चोवीस तास, आणि मराठीतही बोलता येते. तिचे राष्ट्रीय पातळीवरचे समन्वयाचे काम निम्हान्सकडेच आहे.

शेवटी या शहरातल्या कारखान्यांच्या आणि आयटी कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांना एक विनंती. दर वर्षी तुम्ही कर्मचाऱ्यांकडून स्वतःच्या मूल्यमापनाचे फॉर्म भरून घेता, आणि अलीकडे त्यात मनाबद्दलचे, सवयींबद्दलचे प्रश्नही येऊ लागले आहेत. ज्या कागदावर पगारवाढ अवलंबून आहे त्यावर कुणी खरे लिहीत नाही, आणि खरे लिहिणाऱ्याचे नुकसान होते. हे प्रश्न शिकवा, त्यासाठी शिफ्टमधली दहा मिनिटे द्या, निम्हान्स आणि 14416 यांची माहिती कँटीनच्या भिंतीवर लावा. पण लिहिलेला कागद मागू नका. तो ज्याचा आहे त्याच्या खिशात राहू द्या.